दादांचा डावा पाय

१५ एप्रिल २००२, सोमवार

जीप अंगणात उभी आहे. नुसती उभी.

काल जयंतीची मिरवणूक अर्ध्यावर असताना क्लच गेला. चौकात वळताना आधी जळका वास आला, मग इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाकं जागच्या जागी. टपावर फोटो, हार, कर्णे. मागंपुढं सगळी वस्ती. दादांनी दोनदा गिअर टाकून पाहिला. मग स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. पोरांनी घोषणा देत देत गाडी विहारापर्यंत ढकलत नेली. लांबून बघणाऱ्याला काही कळलंही नसेल.

पायी चालणाऱ्यांच्या चालीनं जीप न्यायची म्हणजे क्लच अर्धा दाबून धरायचा. सोडला की गाडी पुढच्या लेझीमच्या पोरींच्या अंगावर, पूर्ण दाबला की थांबलीच. न्हावऱ्यात हे काम दादांनाच जमतं असं सगळे मानतात. मला कळतं तेव्हापासून फोटो आमच्याच जीपवर असतो.

विहारात कुणीतरी म्हणालं, पुढच्या साली ट्रॅक्टर लावू. हळूच म्हणालं. दादांनी ऐकलं.

१७ एप्रिल, बुध.

दादांच्या डाव्या तळव्याला फोड. फुटलेला, चांगला रुपयाएवढा. मिरवणुकीत पायाखालचा पत्रा तापला होता, त्याचा चटका. आईनं पाय धुताना पाहिला.

"कळलं न्हाई व्हय तुमाला?"

"कामाच्या नादात कुणाला कळतंय."

आई हळद भरत होती, मी नको म्हणाले. एस.टी.नं शिरूरला दवाखान्यात नेलं. साखर आहे हे दोन वर्षांपासून माहीत आहे, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी केली. मग दादांना डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोपण पायाला टेकवत विचारत गेले, इथं कळतंय का? इथं? दादा प्रत्येक वेळी हो म्हणाले. टोपण टेकवलं नव्हतं तेव्हाही हो म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, तुमच्या वडिलांच्या दोन्ही पायांची संवेदना गेलीय बरीचशी. अनवाणी फिरू देऊ नका. काम काय करतात?

मी उत्तर देण्याआधी दादाच म्हणाले, "बसूनच काम हाय."

"मग बरंय," डॉक्टर म्हणाले.

येताना एस.टी.त दादा खिडकीशी. ड्रायव्हरनं गिअर बदलला की त्यांचा पाय हलत होता. फुफाट्यातून सगळा रस्ता तसंच.

२१ एप्रिल, रवि.

शिरूरच्या गॅरेजवाल्यानं निरोप धाडला, ओढून आणा, करून देतो. दादा नको म्हणाले. "माझी गाडी दोरानं बांधून बाजारातनं न्यायची? वासरू हाय का ती?" घरीच उघडायची म्हणतात. बबनमामांना भांडगावला फोन केला, म्हणजे त्यांच्या शेजारच्या दुकानात केला. मामा आईचे धाकटे भाऊ, आधी चौफुल्याच्या गॅरेजात होते, आता शेती करतात. कांदा आवरला की येतो म्हणाले.

दौंडच्या शाळेचंही कळलं. मला जूनपासून तासिकेवर शिकवायला घेणार, आठवडाभर तिथंच राहायचं. मराठी आणि इतिहास. आईनं सगळ्या आळीला सांगितलं. दादांनी फक्त विचारलं, "शाळंपतूर स्टँडवरनं चालत किती?" म्हणाले, क्लच झाला की दर सोमवारी तुला मीच सोडत जाईन.

मी हो म्हणाले. खूप आनंद झाला.

२८ एप्रिल, रवि.

मामा टेम्पोत रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घालून आले. दौंडच्या भंगारातून गोठ्यासाठी घेतलेले. जीप त्यांवर चढवली, खाली माणूस पाठीवर सरकेल एवढी जागा झाली. मामा आत. दादांना पायामुळं धुळीत जायला बंदी, ते खाटेवर बसून हुकूम सोडणार. मी पाने देणार.

"मित्रे, बारा-तेरा."

"दाजी, तिला बी. ए. केलीया आन् पाने द्यायला बसवलीया."

"बी. एला बारा-तेरा कळतंय का बघू की."

आधी बॅटरीची वायर. मग गिअरचा दांडा वरून काढला, फरशीचा पत्रा उचलला. मागच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट सोडवला. प्रत्येक जागचे नटबोल्ट वेगळे ठेवायचे म्हणून मी आईची ताटं घेतली. आई म्हणाली, "आता जेवायचं तुमी हातावर." शाफ्टचे बोल्ट ताटात, गिअरबॉक्सचे परातीत, वरच्या पत्र्याचे वाटीत.

खरं काम गिअरबॉक्स उतरवायचं. तो एकट्यादुकट्याला पेलत नाही. मामांनी जीपच्या दोन्ही दारांतून आडवं लाकूड घातलं, त्यावरून दोर टाकून गिअरच्या दांड्याच्या भोकातून खाली सोडला आणि गिअरबॉक्सला आवळला. दोर मी धरला तर घसरायला लागला. आईनं पदर खोचला, माझ्या हातातून दोर घेतला आणि विहिरीत घागर सोडावी तसा एक एक वीत सोडत गेली. मामा खाली छातीवर पोतं घेऊन, दोन्ही हातांनी मागं ओढत. शेवटी हुश्श असा आवाज आला आणि गिअरबॉक्स पोत्यावर आला.

दादा म्हणाले, "ही आदी का न्हाई आनली गाडीवर?" आई हसली. कित्येक दिवसांनी दोघं असं बोलली.

२९ एप्रिल, सोम.

क्लचप्लेट काढली. जेवणाच्या ताटाएवढी चकती, कडेनं अस्तर लावलेलं. अस्तर उरलंच नव्हतं, नुसते रिव्हेट. ते घासून समोरच्या लोखंडावर गोल गोल चरे पडलेले. लोखंड निळं झालेलं. "मिरवणुकीनं खाल्ली," दादा म्हणाले. मामा व्हय म्हणाले.

नंतर हौदावर हात धुताना मामांनी मला विचारलं. रॉकेल लावून बोटं चोळत होते, माझ्याकडं न बघता.

"ही प्लेट मी दिवाळीत टाकलीया. एका मिरवणुकीनं अशी व्हत न्हाई. बेअरिंग बी फिरून फिरून निळं झालंय. बेअरिंग कवा फिरतं? पेडलवर पाय आसंल तवा."

मी म्हणाले, दादा पाय ठेवत नाहीत कधी. नव्या ड्रायव्हरला पहिलं तेच शिकवतात, गिअर टाकला की पाय खाली. एकदा एकाला त्यासाठी गाडीतून उतरवलं होतं.

"म्हणूनच इचारतो," मामा म्हणाले.

मग मला ते आठवलं. माघात दादा चौफुल्याच्या खेपेवरून आले तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. आई म्हणाली, एक कुठं टाकली? त्यांनी खाली पाहिलं आणि चकित झाले. आम्ही दिवसभर हसत होतो त्यावर.

पाय पेडलवर आहे हे त्यांना कळत नाही. खेपेला अकरा-बारा माणसं असतात. मागं लहान मुलं मांडीवर.

२ मे, गुरु.

मामांबरोबर दौंडला गेले, नवी प्लेट आणायला. शाळाही लांबून पाहिली. मोठं पटांगण आहे, कडुनिंब आहेत. वाटलं होतं तसं काही वाटलं नाही.

दुकानाच्या पायरीवर मी मामांना म्हणाले, मिळाली नाही म्हणून सांगू या.

"दौंडात? हितं रेल्वेचं इंजान मिळंल सुटं सुटं. दाजी काय खुळे हायत?"

"मग मी त्यांना सांगते. खरं ते."

"सांग की. तू शिकलेली हायस. तुझं ऐकतील."

मामा टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. विहारात संध्याकाळी मी मुलींचा वर्ग घेते, तिथं मी सांगते की जे दिसलं ते बोलायचं, समोर कोण आहे हे बघायचं नाही. कितीदा सांगितलंय.

प्लेट घेतली. बेअरिंगही घेतलं. परतीच्या गाडीत वाक्यं जुळवत होते. "दादा, डॉक्टर म्हणाले ना त्या दिवशी". इथपर्यंत येत होतं.

घरी दादा अंगणात वाट बघत. प्लेट हातात घेतली, अस्तरावरून अंगठा फिरवला, वास घेतला. नव्या प्लेटला वास असतो म्हणे. "झ्याक," म्हणाले.

नाही बोलले मी.

५ मे, रवि.

आज जोडणी. 

मामांनी लाकडाची खुंटी तासून तिला चिकटपट्टी गुंडाळली, तिनं प्लेट मधोमध बसवली. गिअरबॉक्स पुन्हा आईच्या दोरावर वर चढवला. बराच वेळ आत जाईना, मग एकदम गेला. बोल्ट आवळले. दुपारी फक्त क्लचची दांडी जुळवायची राहिली. त्यासाठी एकानं वर पेडल दाबायचं-सोडायचं आणि दुसऱ्यानं खालून नट फिरवायचा. दादा म्हणाले, मी बसतो. पायाला पट्टी नीट बांधलीय, वर धूळ कुठाय. चढून बसले. इतक्या दिवसांनी सीटवर, चेहरा असा झाला की मी काही म्हणाले नाही.

मी दाराशी उभी.

"दाबा दाजी."

दाबला.

"सोडा."

"सोडला."

"सोडा ओ."

"सोडलाय म्हणतो ना, बबन."

मामांना वाटलं दांडी अडकलीय. सोडवायला त्यांनी बोट घातलं. मी दादांच्या पायाकडं पाहिलं. पाय पेडलवरच होता, पुरा दाबून. दादा समोर काचेतून बघत होते, अगदी निवांत.

मी म्हणाले, "दादा, पाय."

त्यांनी खाली पाहिलं. पाय झटकन उचलला. दांडी जोरात मागं आली, खाली मामांच्या बोटावर.

 नुसता श्वास ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा बोटाचं नख काळं पडलं होतं, रक्त होतं. म्हणाले, "काय न्हाई, पत्रा लागला."

दादा सीटवरून उतरले नाहीत. आपल्या पायाकडं बघत होते, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या गाडीत असावा तसं. मग म्हणाले, "पत्रा न्हाई लागला."

६ मे, सोम.

मामा सकाळच्या गाडीनं गेले. बोटाला चिंधी. नट त्यांनी कालच आवळून दिला होता. दादांनी इंजिन चालू केलं नाही.

९ मे, गुरु.

आईला सगळं सांगितलं. तिला बरंचसं माहीत होतं. पायातला खडा काढायचं ती रोजच करते, दादा चपलेत खडा घेऊनच दिवसभर फिरलेले असतात.

"त्यांना म्हण, गाडी विकू," मी म्हणाले.

"तू म्हण."

"मी म्हणणारच आहे."

"मंग म्हण. म्हणून झालं की तू जूनला दौंडला जाशील. मी हितं त्यांच्याम्होरं बसंन."

रागानं नाही बोलली. चुलीतलं लाकूड मागं ओढत बोलली.

आई असं कधी म्हणत नाही, पण मला माहीत आहे. वस्तीत आधी कुणाकडंही गाडी नव्हती. बाळंतीण न्यायची तरी दुसऱ्या आळीत जाऊन दारात उभं राहावं लागायचं, आत कुणी बोलवायचं नाही. दादांनी ट्रकवर किन्नरकी, म्हणजे क्लीनरचं काम, करत शिकून ही जुनी जीप घेतली. तेव्हापासून दारात उभं राहणं थांबलं. लोक त्यांना अजून त्या मानानं हाक मारतात. गाडी गेली तर ते काय असतील, हे त्यांनी कधी मनात आणलं नसेल. मी पण नाही.

१४ मे, मंगळ.

दादा बोलत नाहीत. भाजी कशीय विचारलं तरी मान हलवतात. दुपारी जीपजवळ जातात, बॉनेटला हात लावतात, परत येतात. शेजारची लक्ष्मीआत्या कुंपणावरून म्हणाली, "झाली का नवरी तयार?" दादा घरात निघून गेले.

आज मी बोलले. शेवटी. मी म्हणाले, दादा, पाय कळत नसताना गाडी चालवणं बरोबर नाही. माणसं असतात.

दादा म्हणाले, "तुला वाटतं मला कळत न्हाई?"

 बोलण्याआधी वाटत होतं, एकदा खरं बोललं की पुढचं सोपं असतं. सोपं नाही. खरं बोलून झालं आणि आम्ही दोघं तिथंच बसलो होतो.

२० मे, सोम.

जीप चालू केली त्यांनी. स्लीपर काढले, उतरवली. अंगणातच पुढं हात-दोन हात, मागं हात-दोन हात. डावी चप्पल सुतळीनं पायाला बांधली आहे. दर वेळी खाली मान घालून पायाकडं बघतात, मग दाबतात. बघतात, मग सोडतात. चालते गाडी. आवाज छान आहे, मामांचं काम चोख.

पण पायाकडं बघून चालवायचं तर रस्त्याकडं कोण बघणार.

तुळशीपाशी पेरूचं रोप होतं, ते मोडलं. मागं घेताना.

२६ मे, रवि.

संध्याकाळी हाक मारली. "मित्रे, ये बस हितं." शेजारच्या सीटवर.

"पाय ऱ्हायला पेडलवर की नुसतं सांगायचं. पाय म्हणायचं. बाकी काय बोलायचं न्हाई."

सांगत गेले. पाय. पाय. दादा, पाय. विहारापर्यंत गेलो, परत आलो. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. मी म्हणाले की उचलत होते, लगेच. शेवटी शेवटी मी म्हणायच्या आधीच उचलत होते, अंदाजानं. दोनदा पेडलवर नसलेला पाय पण उचलला.

विहाराजवळ पोरं उभी होती, त्यांनी हात केला. दादांनी हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर जेवताना बोलत होते. ट्रकवरच्या गोष्टी, कासुर्डीच्या ढाब्यावरच्या. आई माझ्या ताटात वाढताना थांबली, माझ्याकडं पाहिलं. ती खूश होती. मी तिच्याकडं पाहू शकले नाही.

३० मे, गुरु.

लक्ष्मीआत्या आली. रविवारी नातीचं लग्न, मुलगा कासुर्डीचा. वऱ्हाडाला टेम्पो ठरलाय, पण नवरीला आपल्याच जीपमधनं न्यायची म्हणते. "माझ्या पोरीला बी दादूनंच न्हेली व्हती, तवा नातीला दुसऱ्याच्या गाडीत कशाला?"

दादांनी हो म्हटलं. माझ्याकडं न बघता.

आत्या गेल्यावर मी म्हणाले, शिरूरच्या कुणाची गाडी बघू, मी बघते. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तू बसशील ना शेजारी."

मी म्हणाले, नवरी बसते ना पुढं.

"नवरी मागं बसंल. तू फुडं बस."

मामांना फोन केला. दुकानदारानं बोलावून आणायला फार वेळ लावला. मामा म्हणाले, मी येतो, मी चालवतो, बोट बरं झालंय. दादांना सांगितलं तर म्हणाले, "बबनला पाव्हणा म्हणून बोलव. ड्रायव्हर म्हणून न्हाई." मामांना पुन्हा फोन करून हे सांगितलं. येणार की नाही ते न सांगताच त्यांनी फोन ठेवला.

१ जून, शनि.

दादांनी सकाळपासून जीप धुतली. काचा पेपरनं पुसल्या. माझ्या सीटवर जुनी चादर दुमडून घातली, स्प्रिंग टोचते म्हणून. आई फुलांच्या माळा करते आहे, बॉनेटला. आळीतल्या बायका येऊन बसल्यात, गाणी म्हणतायत.

मी आईला बाजूला घेऊन म्हणाले, मी उद्या बसले नाही तर ते जाणार नाहीत.

"जातील," आई म्हणाली.

"आणि बसले तर?"

"तर बी जातील."

तिला वाटतं, जाणारच आहेत तर मी शेजारी असलेली बरी. मला वाटतं मी बसले तर ते माझ्या नावानं जातील. बी. ए. झालेली मुलगी शेजारी बसली म्हणजे सगळं ठीक आहे असं आत्याला, नवरीला, सगळ्यांना वाटेल. आत्याला जाऊन सांगावं का? मंडप टाकून झालाय. तिच्या दारापर्यंत जाऊन आले. आत नवरीच्या हाताला मेंदी लावत होते, तिनं मला बसायला बोलावलं, मी काम आहे म्हणाले.

चौफुल्यापर्यंत रस्ता सरळ. पुढं हायवे, सोलापूरकडचे ट्रक. तिथून कासुर्डी.

मघाशी दादा म्हणाले, "उद्या लवकर उठ." मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

थोड्या वेळापूर्वी जीप बंद असताना मी माझ्या सीटवर बसून पाहिलं. दादांना त्यांच्या जागी बसायला सांगितलं. ते बसले, हसले, स्टिअरिंग धरलं. तिथून डावा पाय नीट दिसतो, सुतळीच्या गाठीसकट. डॉक्टर दोन्ही पाय म्हणाले होते. उजवा, ब्रेकवरचा, पार पलीकडं असतो. वाकून पाहिलं तरी दिसत नाही.